भुसावळातील शवपेटी व दफनसेवा : काम चोख, दरपत्रक चुकीचे

भुसावळच्या जुन्या रेल्वे वसाहतीलगतच्या एका गल्लीत शवपेट्या तयार करणारे आणि ख्रिस्ती दफनविधीची सर्व व्यवस्था पाहणारे एक छोटे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या आत्या प्रभुवासी झाल्या, तेव्हा अंत्यविधीची जबाबदारी माझ्याकडे आली आणि या दुकानाशी प्रत्यक्ष व्यवहार करावा लागला. खानदेशात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळात स्थायिक झालेली काही, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर अशा गावांत मिशनच्या काळापासून राहणारी काही, आणि नवापूर-नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांतली बरीच. पूर्वी कोणाचे निधन झाले की गावातल्या सुताराला झोपेतून उठवायचे, वखारीत मिळतील त्या फळ्या आणायच्या आणि पहाटेपर्यंत कशीबशी पेटी ठोकून घ्यायची, अशी रीत होती. आता हे सारे एका फोनवर होते, ही सोय लहान नाही. मात्र केवळ सोय झाली म्हणून अशा सेवेला चांगले म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. माणसाच्या आत्म्याचे मोल अपार आहे आणि ते मरणाने संपत नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेचा दावा आहे. जो धंदा या दाव्याच्या आधाराने चालतो, त्याची पारख त्याच दाव्याने झाली पाहिजे.

आधी सेवेविषयी. फोन केल्यानंतर तासाभराच्या आत शीतपेटी घरी आली. मे महिन्यात भुसावळचा पारा 44-45 अंशांवर असताना आणि मुलगा दूरच्या शहरातून रेल्वेने निघालेला असताना या एका गोष्टीचे महत्त्व काय असते, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळेल. शीतपेटीसोबत इन्व्हर्टर होता, त्यामुळे दुपारी वीज गेली तेव्हा धावपळ झाली नाही. ती घेऊन आलेल्या दोन तरुणांनी चपला बाहेर काढल्या, आत्यांचे नाव विचारून वहीत लिहिले आणि घरातल्या बायकांची परवानगी घेऊनच पुढचे काम हाती घेतले. शववाहिका, पेटी, क्रूस, नावाची पाटी, खड्डा खणणारी माणसे, पेटी उतरवण्याचे दोर आणि नगरपालिकेतल्या नोंदीचा अर्ज, एवढे सारे त्यांच्या कामात मोडते. फुले आणि मंडपाची व्यवस्था तेच करतात. परंतु ती बाहेरून मागवलेली असल्याने महाग पडते, म्हणून ती आपली आपण केलेली बरी.

या दुकानाचे खरे वैभव म्हणजे तिथले मिस्तरी. मालक ख्रिस्ती आहेत, मिस्तरी मुसलमान आहेत आणि दोघांचे जुने सख्य आहे. मी उंची सांगताच मिस्तरींनी मान हलवली. “दादा, नुसती उंची नका सांगू, खांदाबी मोजून आणा,” असे म्हणून त्यांनी मला परत घरी पाठवले. खांद्याचे माप चुकले तर माणसाला कलते करून पेटीत बसवावे लागते आणि ते आपण करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माप घेऊन परतलो तेव्हा दुसऱ्याच कोणाची तरी पेटी तयार होत होती आणि ती मला जवळून पाहता आली. बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची ती अगदी स्वस्तातली पेटी होती. तिच्या आतल्या कडांवर मिस्तरी रंधा फिरवत होते, मग पॉलिश पेपर घासत होते. बारीक खिळ्यांची डोकी लाकडात खोल बसवून वर भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण भरत होते. आणि हे सारे झाल्यावर त्यावर पांढऱ्या मांजरपाटाचे अस्तर लागणार होते, म्हणजे त्या श्रमाचा मागमूसही कोणाला दिसणार नव्हता. आतून एवढी सफाई कशासाठी, असे मी विचारले. “आत माणूस जातो दादा, बाहेर नुसती फुलं,” एवढेच उत्तर मिळाले.

मरणाविषयीचा ख्रिस्ती विचार बाहेरच्या लोकांना पुष्कळदा अर्धवटच माहीत असतो, म्हणून येथे थोडे थांबतो. आत्मा अमर आणि देह नाशवंत, तेव्हा देहाचे काय एवढे, असे समाचाराला आलेले अनेक जण सहज बोलून जातात. आमच्या शेजारचे सेवानिवृत्त गुरुजी आले, त्यांनी आत्यांच्या पायाशी क्षणभर हात जोडले आणि जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेण्याचा गीतेतला श्लोक म्हटला. त्यात त्यांची आपुलकी होती आणि आम्हाला ती जाणवली. तरीही ख्रिस्ती शिकवण येथे वेगळ्या वाटेने जाते. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि तेव्हा मनुष्य जिवंत होतो. म्हणजे माती आणि श्वास मिळूनच माणूस. मंडळी, म्हणजे चर्च, ज्या मतांगीकाराने आपला विश्वास जाहीर करते, त्याच्या अखेरीस शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन या दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. दफनाच्या वेळी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचतात, त्यातही ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे म्हणणे हेच आहे की जे विनाशात पेरले जाते ते अविनाशात उठवले जाते. ज्या देहाला पुढे उठायचे आहे, त्याला कोंबून बसवता येत नाही. मिस्तरींनी पौलाचे पत्र वाचलेले नाही. खांद्याचे माप मात्र ते पौलाला पटेल असेच घेतात.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती शिकवणीत आत्मा अनादी नाही आणि तो अनेक देहांतून प्रवासही करत नाही. प्रत्येक आत्मा देव नव्याने निर्माण करतो. तो आईवडिलांपासून उपजत नाही आणि देहापासून वेगळा झाला तरी नष्ट होत नाही, असे कॅथलिक मंडळीच्या 1992 सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. माणसाला एकदाच मरणे नेमून ठेवले आहे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र म्हणते. याचा अर्थ असा, की हा एक माणूस, या एका नावाचा, या एका चेहऱ्याचा, पूर्वी कधी झाला नव्हता आणि पुन्हा होणार नाही. त्याचे मोल दोन गोष्टींवर उभे आहे: तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण केला गेला आणि त्याच्या तारणासाठी ख्रिस्ताने आपला प्राण दिला. हुशारी, कमाई, घराणे किंवा भक्ती यांपैकी कशाचाही त्यात वाटा नाही. आमच्या आत्या मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका होत्या आणि शेवटच्या काळात त्यांना स्वतःच्या मुलाचीही ओळख राहिली नव्हती. माणसाचे मोल स्मरणशक्तीवर किंवा उपयुक्ततेवर ठरत असते, तर ते त्यांच्या बाबतीत आधीच ओसरले असते. त्या ओळखेनाशा झाल्या तरी त्यांची ओळख ज्याने धरून ठेवली होती तो विसरत नाही, हे आमच्या चर्चच्या पाळक साहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घरच्या प्रार्थनेत सांगितले, तेव्हा आत्यांच्या मुलाला जो धीर आला तो आम्ही पाहिला.

आता दरपत्रकाकडे वळतो. मालकांनी ते प्लास्टिकचे वेष्टन घालून टेबलावर ठेवले आहे. त्यात तीन प्रकार आहेत. प्लायवूडची पेटी ती ‘साधी’. पॉलिश केलेली आणि आत साटीन लावलेली ती ‘स्वर्गद्वार’. आणि सागवानाची, पितळी कड्यांची ती ‘शाश्वत’. पहिलीची किंमत पाच हजारांच्या आत, तर शेवटचीची पंचवीस हजारांच्या वर. पत्रकाच्या तळाशी ‘आपल्या प्रियजनांच्या आत्म्याच्या सार्वकालिक विश्रांतीसाठी’ असे छापले आहे. मला या दुकानात जे सर्वांत खटकले ते हेच. सागवान टिकाऊ असते, शाश्वत नसते. खानदेशातल्या कोणत्याही वाळवीला हे ठाऊक आहे. परंतु येथे लाकडाच्या गुणापेक्षा अधिक काही बिघडले आहे. जे मोल देवाने प्रत्येकाला सारखे दिले, त्याची तीन दरांत वाटणी करून ते टेबलावर मांडले आहे.

बायबलमधले एकोणपन्नासावे स्तोत्र धनवान आणि दरिद्री अशा दोघांनाही एकत्र बोलावून सांगते, की कोणी आपल्या भावाची खंडणी भरून त्याला सोडवू शकत नाही, कारण जिवाची किंमत फार मोठी आहे. आणि मनुष्य मरतो तेव्हा त्याचे वैभव त्याच्यामागून खाली उतरत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात सोन्यारुप्यासारख्या नाशवंत वस्तूंनी तुमची सुटका झालेली नाही, असे निक्षून बजावले आहे. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप ग्रेगरी यांनी उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना गुलाम विकत घेणाऱ्यांना विचारले होते, की देवाच्या प्रतिमेसाठी तुम्ही किती नाणी मोजलीत आणि ती किंमत ठरवलीत कशी. गुलामगिरी ही त्या काळी जगरहाटी होती, तिच्यावर इतक्या मुळापासून घाव घालणारे थोडेच होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू विचारतो, की मनुष्याने सर्व जग मिळवले आणि आपल्या जिवाचा नाश करून घेतला तर त्याला काय लाभ, आणि आपल्या जिवाच्या मोबदल्यात मनुष्य काय देणार. सगळे जगही ज्याच्या बदल्यात पुरे पडत नाही, त्याच्यापुढे वीस हजारांचा फरक हास्यास्पद ठरतो.

हे केवळ पोथीतले भांडण नाही. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, असा मुलगा त्या टेबलाशी उभा असतो, त्याच्या मागे चार नातेवाईक असतात आणि आईसाठी ‘साधी’ द्या म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. दरपत्रक त्याच्या अपराधीपणावर बोट ठेवते. मी मालकांना हे बोलून दाखवले. नावे छापखान्यातल्या मुलाने सुचवली आणि लोकांनाही ती आवडतात, असे त्यांनी सांगितले. आवडत असतील, म्हणूनच ती बदलली पाहिजेत. प्लायवूड, पॉलिश, सागवान, एवढे लिहिले तरी धंदा बुडणार नाही. मालक ‘बघतो’ म्हणाले. खानदेशात ‘बघतो’ याचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको.

गंमत अशी की जे दरपत्रक सर्वांत अधिक बोलते, ते या माणसाच्या वागण्याशी मुळीच जुळत नाही. त्या दिवशी माझ्या आधी सातपुड्याच्या पायथ्याकडचे, वीटभट्टीवर राबणारे एक कुटुंब आले होते आणि मी पाहिलेली ती स्वस्तातली पेटी त्यांच्याच माणसासाठी होती. माझ्यासोबत आलेले एक नातेवाईक मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत. पाळक साहेब जळगावहून निघाले आहेत, तेव्हा शववाहिका आधी आमच्याकडे पाठवा आणि त्या लोकांना तासभर थांबू द्या, असे त्यांनी सुचवले. मालकांनी आवाज चढवला नाही. परंतु हे आधी आले, गाडी आधी त्यांच्याकडे जाईल, असे सांगून ते पुढच्या कामाला लागले. नातेवाईकांना राग आला. मला याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय आठवला. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा दाखवायची आणि मळक्या कपड्यातल्या दरिद्र्याला पायाशी बसायला सांगायचे, या पक्षपाताला याकोब तेथे सरळ पाप म्हणतो. त्या कुटुंबाकडे पैसे कमी होते. उरलेली रक्कम मालकांनी वहीत लिहून घेतली आणि पेटी गाडीत चढवायला स्वतः हात लावला. शववाहिका एकच आहे, तिच्यावर घालायची पांढरी चादर सर्वांसाठी सारखीच आहे आणि पेटी पाच हजारांची असो की पंचवीस, ती उचलताना मोजायचे सहा खांदे तेवढेच आहेत.

दुकानाच्या माळ्यावर काही पेट्या हातभर लांबीच्या आहेत. त्यांचा दर पत्रकात नाही. जन्मतःच किंवा जन्माआधी गेलेल्या बाळांसाठी त्या करून ठेवलेल्या असतात आणि त्यांचे पैसे घेत नाहीत, असे मिस्तरींनी सांगितले. मी एक खाली काढून पाहिली. तिच्याही आतून रंधा फिरलेला होता. या बाबतीत मंडळीचा स्वतःचा इतिहास काही फारसा अभिमानाचा नाही. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना एके काळी कॅथलिक मंडळीच्या पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे, आणि त्यांच्या आत्म्यांचे काय होते या प्रश्नावर धर्मपंडित शतकानुशतके घुटमळत राहिले; संत ऑगस्टिन यांचे उत्तर तर फारच कठोर होते. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असे मांडले. ज्या आईने ते बाळ पोटात वाढवले तिला हे आधीपासूनच माहीत होते, असे मला वाटते. ज्याने अजून एकही कृत्य केलेले नाही, ज्याचे नावही कदाचित ठेवलेले नाही, त्याच्यासाठी नीट मापाची पेटी करणे म्हणजे आत्म्याचे मोल कर्तृत्वावर ठरत नाही, हे मान्य करणे होय.

भुसावळ हे मोठे जंक्शन असल्यामुळे येथे कोणाचे कोण, याचा पत्ता लागत नाही अशी माणसेही मरतात. अशा एखाद्याच्या गळ्यात क्रूस किंवा खिशात प्रार्थनेचे कार्ड सापडले तर निरोप दुकानात येतो आणि मालक पेटी देतात. पाटीवर नावाच्या जागी दिनांक आणि स्थानकाचे नाव लिहिले जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूला धरून देण्यासाठी घेतलेल्या आणि यहूदाने परत फेकलेल्या तीस रुप्याच्या नाण्यांनी याजकांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले, असे लिहिले आहे. परक्याला पुरण्याची जागा रक्ताच्या पैशातून आली, ही त्या कथेतली बोचरी गोष्ट आहे. नंतरच्या मंडळीने मात्र ही जबाबदारी आपली मानली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मंडळीच्या दफनभूमीची व्यवस्था ज्याच्याकडे सोपवली, तो कॅलिस्टस पूर्वी गुलाम होता आणि पुढे तोच रोमचा बिशप झाला. रोमच्या आपिया मार्गावरील भुयारी दफनभूमी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. चौथ्या शतकातला सम्राट जुलियन ख्रिस्ती लोकांच्या विरोधात होता, तरी त्यांच्या प्रसाराचे कारण सांगताना परक्यांविषयीची माया आणि मृतांना पुरण्यातली काळजी यांचा उल्लेख त्याला करावाच लागला.

दुकानात छापून मिळणाऱ्या स्मरणपत्रिकांविषयी एक तक्रार आहे. तयार मजकूर एकच असून त्यात मृताच्या आत्म्याला शांती मिळावी, अशी प्रार्थना आहे. कॅथलिक कुटुंबांना ती योग्य वाटते, कारण ते मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, अर्पण करतात आणि 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. जो ख्रिस्तात मरण पावला तो प्रभूजवळ आहे असे मानून मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करतात. आमच्याकडच्या वडील मंडळींनी पत्रिका पाहून कपाळाला आठ्या घातल्या. या दुकानाकडे दोन्ही प्रकारची कुटुंबे येतात, तेव्हा दोन मजकूर ठेवणे काही अवघड नाही. आम्ही शेवटी योहानाच्या अकराव्या अध्यायातले ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ एवढेच वाक्य छापून घेतले आणि त्याबद्दल कोणाचेच दुमत झाले नाही.

खड्ड्याचे काम उत्तम झाले. भुसावळची काळी माती मे महिन्यात दगडासारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात. पहारीने ती फोडावी लागते. खणणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी जागेवर पाणी सोडून माती मऊ करून ठेवली होती. पावसाळ्यात उलट तऱ्हा असते, कारण हीच माती फुगते आणि खड्ड्याच्या भिंती ढासळतात. तेव्हा ते बाजूंना फळ्या लावतात आणि पाणी उपसायचा पंप तयार ठेवतात. दफनभूमीत जागा अपुरी असल्याने जुन्या कौटुंबिक कबरीतच पुढच्या पिढीला जागा द्यावी लागते. साधी पेटी लवकर मातीत मिळते, सागवानाची मिळत नाही, आणि त्यामुळे तिथली समितीही साध्या लाकडाचाच आग्रह धरते. म्हणजे ज्या पेटीचे नाव ‘शाश्वत’, तीच पुढच्यांची अडचण करते. दहनाविषयीही मालकांकडे अलीकडे चौकशी होते. कॅथलिक मंडळीने 1963 पासून त्याला मुभा दिली आहे, मात्र अस्थी विखुरू नयेत आणि पवित्र ठिकाणी ठेवाव्यात, असे 2016 च्या निर्देशात सांगितले आहे. अस्थींसाठीची लाकडी पेटीही मिस्तरी करून देतात.

उणिवा आणखी काही आहेत. बिल एकरकमी मिळते, त्यात कशाचे किती हे लिहिलेले नसते. मागितल्यावर त्यांनी कच्च्या कागदावर तपशील दिला आणि तो बरोबर होता, परंतु मागावा लागू नये. ‘स्वर्गद्वार’ पेटीतले साटीन उन्हाळ्यात घामेजल्या हातांना चिकटते आणि फाटते, हे दुसऱ्या एका घरच्या विधीत मी पाहिले आहे. भिंतीवर विकायला ठेवलेल्या वचनांच्या चौकटींपैकी एकीवर वचनाचा अध्याय चुकीचा छापला आहे, आणि ती बरेच दिवस तशीच लटकत असावी, कारण तिच्यावर धूळ होती. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी मालक फोन उचलत नाहीत; मिस्तरी उचलतात, पण दर मालकच सांगतात. पूर्वी एका मोठ्या शहरातल्या अशाच सेवेशी आमचा संबंध आला होता. तेथे शववाहिका चर्चबाहेर थांबली त्याचे पैसे तासावर लावले होते आणि प्रार्थना लांबली म्हणून चालक घड्याळ दाखवत होता. त्या तुलनेत येथे कोणी घाई केली नाही. आत्यांचा मुलगा पोहोचायला उशीर झाला, तरी झाकण लावण्याआधी त्याला एकट्याला आत सोडून सगळे बाहेर उभे राहिले.

पाचपैकी चार गुण मी देईन. एक गुण दरपत्रकाने घालवला. जे ही सेवा घेतील त्यांनी साधीच पेटी सांगावी आणि अस्तर मांजरपाटाचेच ठेवायला सांगावे. जाताना उंची व खांद्याचे माप, डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला आणि दफनासाठी पाळक किंवा फादर यांचे पत्र सोबत न्यावे, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी लागते. दुकानातला माणूस अर्ज भरून देतो, परंतु नगरपालिकेत सहीसाठी घरचे कोणीतरी जावे लागते. यूपीआयने पैसे घेतात, तरी खणणाऱ्यांची मजुरी रोख द्यावी लागते. नावाची पाटी रंगवणारा मुलगा घाईत असतो; आत्यांच्या आडनावातली वेलांटी त्याने ऱ्हस्वाची दीर्घ केली होती आणि रंग ओला होता म्हणूनच ती दुरुस्त करता आली, तेव्हा तो जायच्या आत पाटी वाचून घ्यावी.